नील बेटावर (शहीद द्वीप) जायचंय? सगळे जे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

अंदमानला जाऊन आल्यापासून नातेवाईक, ऑफिसमधले, सोसायटीतले, सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. सगळी माहिती फक्त नील बेटाची आहे, पूर्ण अंदमानची नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, या बेटावर तुमचं टाइमटेबल दोनच गोष्टी ठरवतात, समुद्राची भरती-ओहोटी आणि फेरीची (म्हणजे प्रवासी बोटीची) वेळ, बाकी सगळं त्यांच्या मागून.

नील आणि शहीद द्वीप एकच ना? बुकिंग करताना गोंधळ होतो

हो, एकच. डिसेंबर २०१८ मध्ये नाव बदललं, नीलचं शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालं. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता आणि अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज अशी नावं दिली होती, त्याला ७५ वर्षं झाली म्हणून हे केलं. आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालंय. तिकिटावर, हॉटेलच्या साइटवर, गुगल मॅपवर कुठे जुनं कुठे नवं असं दोन्ही दिसेल, तेव्हा सर्च करताना दोन्ही नावं टाकून बघा. तिथली माणसं बोलताना अजून नील आणि हॅवलॉकच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहितेय.

आहे कुठे आणि केवढं आहे?

पोर्ट ब्लेअरपासून साधारण ३७ किलोमीटरवर, ईशान्येला. अगदी छोटं, साधारण १४ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती ३००० च्या आसपास. गावांची नावं ऐकून मजा वाटेल, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, आणि मधे बाजार आहे तो नील केंद्र. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं, त्यांनीच ही नावं ठेवली. बेट सपाट आहे म्हणून शेती भरपूर, अंदमानला लागणारी बरीच भाजी इथून जाते. म्हणजे बीच सोडून आत वळलं की दोन्ही बाजूला भाताची खाचरं, सुपारी, केळी, वेलींचे मांडव. मला स्वतःला हे बेट समुद्राइतकंच या रस्त्यांसाठी आवडतं.

परमिट लागतं का?

भारतीय नागरिकांना नील, हॅवलॉक, पोर्ट ब्लेअरसाठी काही लागत नाही. ओरिजिनल आयडी मात्र प्रत्येकाचा पाहिजे, लहान मुलांचासुद्धा, कारण फेरीत चढताना तिकीट आणि आयडी बघतात. मोबाईलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका. घरातलं कोणी परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर त्यांना पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर इमिग्रेशनकडे नोंद करावी लागते, त्यांचे नियम वेगळे आहेत, ते निघायच्या आधी प्रशासनाच्या साइटवर बघून घ्या.

मुंबई-पुण्याहून जायचं कसं?

आधी विमानाने पोर्ट ब्लेअर, वीर सावरकर विमानतळ. बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. सकाळी लवकर पोचणारं विमान घेतलंत तर त्याच दिवशी सेल्युलर जेल होऊ शकतं, आणि आपल्या माणसांनी ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे. नीलला विमानतळ नाही, पूलही नाही, त्यामुळे पोर्ट ब्लेअरहून पुढे बोटच.

फेरी कोणती घ्यायची, सरकारी की प्रायव्हेट?

प्रायव्हेटमध्ये मॅकरूझ, नॉटिका, ग्रीन ओशन, आयटीटी मॅजेस्टिक अशा कंपन्या आहेत, बोटी एसी असतात, सीट नंबर ठरलेला, वेगाने जातात, पोर्ट ब्लेअर ते नील सव्वा ते दीड तासात. सरकारी बोट हळू जाते, दोन तासांच्या आसपास धरा, पण तिकीट खूपच स्वस्त असतं आणि मुख्य म्हणजे बऱ्याच बोटींवर डेकवर उभं राहता येतं. फोटोचं वेड आहे किंवा बंद एसी केबिनमध्ये गुदमरल्यासारखं होतं अशांनी सरकारी बघावी. मात्र सरकारी बोट ही आधी तिथल्या लोकांची एसटी आहे, त्यांना दवाखान्याला, कोर्टाला, मुलांना कॉलेजला त्याच बोटीने जायचं असतं, त्यामुळे सीझनला तिकीट मिळणं कठीण होतं. लहान मुलं, सामान, आई-बाबा असं सगळं लटांबर असेल तर सरळ प्रायव्हेट घ्या, तेही आधीच ऑनलाइन. दिवाळी ते जानेवारीमध्ये तर विमानाचं तिकीट झालं की लगेच फेरीचं करा, हॉटेल नंतर.

प्रायव्हेट बोटी बहुतेक हॅडो जेट्टीवरून सुटतात आणि सरकारी फिनिक्स बे वरून, या दोन जागा वेगळ्या आहेत, रिक्षावाल्याला नुसतं जेट्टी म्हणालात तर चुकीच्या ठिकाणी जाऊन पोचाल आणि बोट थांबत नाही. तिकिटावर लिहिलेली जेट्टी वाचा आणि तासभर आधी पोचा.

आधी हॅवलॉक की आधी नील?

बहुतेक सगळे पोर्ट ब्लेअर – हॅवलॉक – नील – पोर्ट ब्लेअर असं करतात आणि ते सोयीचं पडतं, हॅवलॉक ते नील तासाभराच्या आतबाहेर. मी तर म्हणेन नील नंतरच ठेवा, हॅवलॉकला हॉटेलं, गाड्या, टुरिस्ट सगळंच जास्त आणि नीलला आल्यावर एकदम पाय मोकळे झाल्यासारखे वाटतात. उलट क्रमाने गेलात तर हॅवलॉकला पोचल्यावर गर्दी जास्तच जाणवते.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं होतं का? टूरवाला तसंच देतोय

होतं, पण करू नका, कळकळीची विनंती आहे. टूरवाले सकाळच्या फेरीने आणतात, जेट्टीवर गाडी, भरतपूरला ग्लास बॉटम (काचेच्या तळाची) बोट, जेवण, मग समुद्रकाठची नैसर्गिक दगडी कमान, लक्ष्मणपूर, आणि चारच्या सुमाराला परत जेट्टी. आता त्या दिवशी ओहोटी सकाळी सातला असेल तर तुम्ही कमानीला जाणार तेव्हा तिथे पाणी भरलेलं असणार, आणि ओहोटी दुपारी बाराला असेल तर भरतपूरला बोटीच तरंगणार नाहीत. म्हणजे पैसे पूर्ण आणि बघून अर्धं. शिवाय सूर्योदयही गेला आणि सूर्यास्तही गेला, आणि नीलचे तेच दोन सगळ्यात भारी.

कमीत कमी दोन रात्री राहा. दोन रात्रींत एक पूर्ण दिवस आणि दोन अर्धे दिवस मिळतात, त्यात प्रत्येक बीचला योग्य पाण्याच्या वेळेला जाता येतं. तीन रात्री मिळाल्या तर एक दिवस काहीच न ठरवता सायकलवर घालवा.

भरती-ओहोटीचं एवढं काय? आम्ही काय मासेमारीला चाललोय?

हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय, म्हणून नीट सांगते.

नीलच्या भोवती किनाऱ्याला लागूनच प्रवाळाचं उथळ पठार आहे. भरतीला त्यावर पाणी असतं तेव्हा बोटी चालतात, स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून, तरंगत पाण्याखालचं बघणं) होतं, पोहता येतं. ओहोटीला तेच पठार उघडं पडतं, मग तिथे पोहणं सोडाच, पाय ठेवायला जागा शोधावी लागते, सगळीकडे टोकदार दगड आणि मेलेलं-जिवंत प्रवाळ. याच्या बरोब्बर उलटं लक्ष्मणपूर दोन म्हणजे दगडी कमानीची जागा, तिथे ओहोटीलाच जायचं असतं कारण भरतीला वाट पाण्याखाली जाते.

दोन ओहोट्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते. आज ओहोटी सकाळी नऊला असेल तर परवा अकराच्या जवळपास. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं, कमान बघायला हे दिवस बेस्ट. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. आमच्या कोकणातल्या मंडळींना तिथीच्या पाऊणपट हा भरतीचा हिशोब पाठ असतो, अष्टमीला सहा वाजता वगैरे, तो इथे लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते आणि तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल नेटवर मिळतं, ते बघा, नीलसाठी तेवढं पुरतं. किंवा हॉटेलवर पोचल्या पोचल्या विचारा, "दादा, कल पानी कब उतरेगा?" तिथल्या पोराटोरांना पण पाठ असतं.

मुंबईसारखं चार-साडेचार मीटर पाणी चढत नाही, उधाणालाही साधारण दोन मीटरच्या आसपास. पण पठार इतकं सपाट आहे की तेवढ्यानेच समोरचं सगळं चित्र बदलतं.

कोणता बीच कधी?

भरतपूर जेट्टीच्या जवळच, चालत जाता येतं. बोटी, स्नॉर्कलिंग, जेट स्की, नारळपाणी, कपडे बदलायची सोय, सगळं इथे. पाणी भरलेलं असताना सकाळी जा. अकरानंतर डे टूरवाल्यांची गर्दी होते.

लक्ष्मणपूर एक, सूर्यास्ताचा. लांबलचक पांढरी वाळू, टोकापर्यंत चालत जा, जितकं पुढे जाल तितकी माणसं कमी. सीतापूर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सूर्योदयाचा. तिथे लाटा जोरात असतात आणि खाली खडक, त्यामुळे बघायला जा, पोहायला नको. रामनगर राहिलंच, ते शांत आहे, दुपारी झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचं असेल तर तिथे जा.

आणि लक्ष्मणपूर दोन. याबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे लोक दगडी कमानीसमोर फोटो काढतात आणि दहा मिनिटांत परत फिरतात. इथल्या बंगाली लोकांनी त्या कमानीला हावडा ब्रिज नाव दिलंय, आता सगळे तेच म्हणतात. पण खरी गंमत कमानीपर्यंतच्या वाटेवर आहे. पाणी उतरल्यावर दगडांमध्ये छोटी छोटी डबकी राहतात, तिथे उकिडवं बसायचं आणि दोन मिनिटं अजिबात हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग रिकामा वाटलेला शंख चालायला लागतो, आत खेकडा. बोटाएवढे निळे मासे दगडाखालून बाहेर येतात. एका डबक्यात मोठा शिंपला होता, दगडात रुतलेला, त्याचे जांभळे-हिरवे मखमली ओठ उघडे होते आणि माझी सावली पडली तसे त्याने ते झटकन आत ओढून घेतले. मी बाजूला सरकले, थोड्या वेळाने परत उघडले. माझ्या भाचीने तिथून उठायलाच नकार दिला.

लोकल गाइड घ्या, पैसे जास्त नाहीत आणि त्याच्याशिवाय यातलं निम्मं दिसणार नाही. मात्र त्याला समुद्रकाकडी (नाव काकडी, पण प्राणी आहे) किंवा स्टारफिश हातात उचलून दाखव असं सांगू नका, आणि तो स्वतःहून उचलायला लागला तर नको म्हणा. लांबून छान दिसतं. दगडांवर हिरवं शेवाळ असतं, चपला घसरतात, मागे पट्टा असलेले सॅंडल किंवा वॉटर शूज घाला. आणि पाणी परत भरायच्या आत बाहेर या.

सूर्यास्त किती वाजता? आम्ही साडेसहाला पोचलो तर?

तर काळोख बघाल. हे सगळ्यांचंच चुकतं. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, ९३ रेखांशाच्या जवळपास, पण घड्याळ तेच, ८२.५ रेखांशाचं. त्यामुळे सूर्य घड्याळाच्या ४० मिनिटं पुढे असतो आणि मुंबईच्या मानाने तर तासाहून जास्त. डिसेंबरच्या सुरुवातीला पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो, मे-जूनमध्ये पावणेसहाच्या आसपास. लक्ष्मणपूरला जायचं तर चारलाच निघा. सूर्योदय हिवाळ्यात साडेपाचच्या आगेमागे आणि मेमध्ये पाचच्या सुमाराला, म्हणजे सीतापूरला जायला साडेचारला उठावं लागतं. झोप पुरी करायची तर रात्री नऊला आडवे व्हा, तसंही आठनंतर बेटावर फारसं काही उघडं नसतं.

बेटावर फिरायचं कसं?

स्कूटी भाड्याने मिळते, जेट्टीबाहेरच, लायसन्स ओरिजिनल ठेवा आणि हेल्मेट मागून घ्या. सायकलही मिळते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा किलोमीटर, चढ जवळपास नाहीच. रिक्षा आहेत. मोठी फॅमिली असेल तर हॉटेललाच गाडी सांगा. स्कूटी घेताना आधीचे ओरखडे मालकासमोर मोबाईलवर शूट करून ठेवा, पेट्रोल किती आहे तेही बघा. आमच्याकडून परत देताना एका भाडेवाल्याने जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले होते, व्हिडिओ दाखवल्यावर विषय मिटला.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबरचा शेवट ते एप्रिल. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी स्वच्छ, मला विचाराल तर मुलांच्या परीक्षांचं काही करता आलं तर हेच महिने. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस, आणि तो आपल्याआधी तिथे पोचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाऊस कमी-जास्त पण बंगालच्या उपसागरात वादळं होतात ती याच काळात आणि डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. थंडी कधीच नाही, बारा महिने २३ ते ३१ डिग्री, स्वेटर घरीच ठेवा.

फेरी कॅन्सल झाली तर?

होऊ शकते, आणि याचा विचार करूनच प्लॅन करा. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर मिळून १४०० च्या आसपास टुरिस्ट अडकले होते, नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. इतकं मोठं काही नेहमी होत नाही पण समुद्र खवळला म्हणून एखाद्या दिवशीच्या बोटी बंद, हे होतं.

म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, याला पर्याय नाही. सकाळची फेरी पकडून दुपारचं विमान हा प्लॅन कागदावर बरोबर दिसतो, पण बोट दोन तास उशिरा सुटली की घरच्या पाच जणांची नवीन तिकिटं काढायला लागतात. पावसाळ्यात जाणार असाल तर एक दिवस अजून जास्त ठेवा. औषधं पण दोन-तीन दिवसांची जास्त घ्या, विशेषतः बीपी-शुगरवाल्यांची.

बोट लागते, काय करू?

गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी, उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग होत नाही. पोट पूर्ण रिकामं नको आणि बटाटेवडे हाणूनही नको, दोन इडल्या, बिस्कीट असं काहीतरी. सीट खालच्या मजल्यावर मधल्या भागात घ्या, पुढे सगळ्यात जास्त आपटतं. मोबाईल बंद, नजर लांब क्षितिजावर. माझ्या सासूबाईंना गाडीसुद्धा लागते, त्या सरकारी बोटीच्या डेकवर वारा खात बसून व्यवस्थित आल्या.

स्कूबा करावं का? पोहता येत नाही

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी जे असतं त्यात पोहता यायची गरज नसते, इन्स्ट्रक्टर पूर्णवेळ धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. साधारण १० वर्षांवरची मुलं करू शकतात. आधी हेल्थचा फॉर्म भरून घेतात तो खरा खरा भरा. दमा, हार्टचं काही, कानाचं ऑपरेशन, फिट्स, प्रेग्नन्सी, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सर्दी असेल तर कान उघडत नाहीत, दुखतात, त्या दिवशी सोडून द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, स्कूबानंतर लगेच विमान नाही. खाली दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, त्याआधी वर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. एक दिवस, म्हणजे २४ तास सोडा. म्हणून स्कूबा ट्रिपच्या सुरुवातीला किंवा मधे ठेवा. स्नॉर्कलिंगला हा नियम नाही.

प्रवाळाबद्दल काय काळजी घ्यायची?

त्यावर उभं राहू नका, हे सगळ्यात पहिलं. दगड वाटतो पण तो जिवंत असतो आणि वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढाच वाढतो, तुमच्या एका पावलाने अनेक वर्षांचं काम मोडतं. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापल्यामुळे अंदमानचं खूप प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्यानंतरही असं झालंय, आधीच त्याचे हाल आहेत. स्नॉर्कलिंग करताना दम लागला तर पाठीवर तरंगा, लाइफ जॅकेट असतंच. सनस्क्रीनचा थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट घाला, पाठ भाजत नाही आणि पाण्यातही काही जात नाही.

आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ, अगदी मेलेला तुकडासुद्धा बॅगेत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वाघाइतकंच संरक्षण आहे. विमानतळावर बॅग स्कॅन होते, तिथे निघालं तर दंड, चौकशी, विमान चुकणं, सगळं होऊ शकतं. शंख-शिंपल्यांचंही तेच, बऱ्याच जातींवर बंदी आहे. मुलांच्या खिशात बघून घ्या निघताना, ती गुपचूप ठेवतात. शंख पाहिजेच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून बिलासकट घ्या.

मगरी आहेत म्हणे?

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत हे खरं, आणि २०१० साली हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक मुलीचा त्यात जीव गेला होता. म्हणून घाबरून जाऊ नका पण नियम पाळा, बोर्ड लावला असेल किंवा लाइफगार्ड नको म्हणाला तर उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ जायचं नाही, अंधार पडल्यावर पाण्यात नाही. लोक वाद घालतात लाइफगार्डशी, "अरे आम्ही गोव्याला पोहतो", ते करू नका, त्याला तिथलं पाणी माहितीये.

दुसरं काय चावतं?

वाळूतल्या बारीक माश्या, सॅंडफ्लाय. पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर बसलात की पायाला चावतात, तेव्हा कळत नाही, रात्री खाज सुटते आणि आठवडाभर राहते. चादर टाकून बसा, पायाला खोबरेल तेल चोपडा, आणि खाजवू नका, जखम होते. डासांचं क्रीम घ्याच.

पैसे, नेटवर्क, लाइट?

कॅश घेऊन जा, पोर्ट ब्लेअरहूनच. बेटावर एटीएम आहे पण त्यात पैसे असतीलच असं नाही, यूपीआय चालतं पण नेटवर्कच्या भरवशावर. चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली ऑगस्ट २०२० मध्ये, तेव्हापासून अंदमानचं इंटरनेट बरंच सुधारलंय, तरी नीलवर वर्क फ्रॉम होमचं वचन ऑफिसला देऊ नका. फेरीची तिकिटं, हॉटेल बुकिंग, मॅप सगळं आधीच डाउनलोड. लाइट जाते अधूनमधून, पॉवर बँक आणि छोटी टॉर्च.

जेवणाचं काय? आम्ही शुद्ध शाकाहारी

काही अडचण नाही, उलट भाजी इथलीच, ताजी. वरण, भात, पोळ्या, दोन भाज्या सगळीकडे मिळतं. मोहरीच्या तेलाचा वास चालत नसेल तर आधी सांगा, बंगाली स्वयंपाक आहे. मासे खाणाऱ्यांची तर मजाच आहे, नील केंद्रच्या बाजारातल्या साध्या खानावळीत फिश थाळी खा, रिसॉर्टपेक्षा मला तीच आवडली. ऑर्डर दिल्यावर वेळ लागतो, भूक लागायच्या आधी सांगून ठेवा.

राहायचं कुठे?

जेट्टीजवळ भरतपूरच्या बाजूला राहिलात तर सोयीचं, लक्ष्मणपूरला राहिलात तर शांत. पर्यटन खात्याचं हवाबिल नेस्ट नावाचं गेस्ट हाउस आहे, होमस्टे आहेत, झोपड्या आहेत, चांगली रिसॉर्टही आहेत. हॉटेल घेताना एकच प्रश्न नक्की विचारा, समोरच्या बीचवर पोहता येतं का आणि कधी. "सी फेसिंग" म्हणून जास्त पैसे देतात लोक आणि समोर दिवसभर उघडे खडक असतात.

आई-बाबांना, लहान बाळाला नेलं तर?

नक्की न्या, बेट सपाट आहे, अंतरं कमी आहेत. आई-बाबांना कमानीच्या दगडांवर नेऊ नका, गुडघे दुखत असतील तर अजिबातच नाही, वर सावलीत नारळपाणी घेऊन बसू द्या. जेट्टीवर बरंच चालायला लागतं आणि बोटीची फळी हलते, तिथले लोक हात देतात पण एक माणूस बरोबर असू दे. प्राथमिक आरोग्य केंद्र बेटावर आहे, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत हॉस्पिटल, म्हणजे परत बोट. बाळाचं दूध पावडर, डायपर, औषधं सगळं बरोबर.

कचरा?

पाण्याची बाटली घरून आणा आणि हॉटेलवर भरून घ्या. छोट्या बेटावर कचरा टाकायला जागाच नसते, जे आपण टाकतो ते तिथेच पडून राहतं किंवा समुद्रात जातं. या बेटाभोवतीच्या समुद्री गवतात डुगाँग (समुद्री गाय) चरायला येतो, अंदमानचा राज्यप्राणी, आता फार थोडे उरलेत. वेफर्सची पिशवी, डायपर, तुटलेल्या चपला, जे बॅगेतून आलं ते बॅगेतूनच परत पोर्ट ब्लेअरला.

ड्रोन?

परवानगीशिवाय नाही. संरक्षणाच्या दृष्टीने सगळा भाग महत्त्वाचा आहे, जप्त होईल.

रात्री समुद्र चमकतो ते नीलवर दिसतं का?

दिसतं, पण फोटोत असतं तसा अख्खा समुद्र निळा होत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव धक्का लागला की चमकतात. अमावस्येच्या आसपास, अंधाऱ्या जागी, टॉर्च आणि मोबाईल बंद करून डोळे सवयीचे होऊ द्या, मग कडेला उभं राहून पायाने पाणी हलवा. आत उतरायचं नाही, वर मगरींचं लिहिलंय ते वाचा. कधी ठिणग्या दिसतात, कधी काहीच नाही. हॉटेलवाल्याला विचारा काल दिसलं होतं का, दिसलं असेल तर आजही चान्स चांगला असतो.